गाईडातला शेवट

भारंबे सरांच्या मते कोणताही माणूस चार पॉइंटांत बसतो. नाही बसला तर दोष लेखकाचा. हे ते कादंबरीतल्या पात्रांबद्दल म्हणत, पण सवय जुनी झाल्यावर पात्र आणि शेजारी यांत त्यांना फरक उरला नव्हता. आमच्या ज्युनिअर कॉलेजात कोणी नवा शिक्षक रुजू झाला की स्टाफरूममध्ये त्याची ओळख सर करून देत: मेहनती, मितभाषी, आईवडिलांचा आदर करणारा, आणि चौथा पॉइंट, एकूणच प्रभावी व्यक्तिमत्त्व. ते इंग्रजीचे, मी मराठीचा. माझ्या बाबतीत त्यांनी पहिले दोन पॉइंट गाळले आणि त्याऐवजी 'वाचन भरपूर' असं घातलं. ते कौतुक होतं की तक्रार, हे मला कधी ठरवता आलं नाही. आमचा जुना शिपाई वारला तेव्हा शोकसभेतही सर चार पॉइंट बोलले. तिसऱ्या पॉइंटाला मृताचं नाव आठवेना, तेव्हा 'आपला नायक' म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. कोणाला काही वाटलं नाही. उलट शिपायाची बायको त्यांच्या पाया पडली.

जळगाव जिल्ह्यात बारावीला बसलेल्या माणसानं भारंबे सरांना पाहिलं नसेल, पण त्यांचं नाव वाचलेलं असतं. नेमलेल्या इंग्रजी पुस्तकांची त्यांची गाईडं पिवळ्या कव्हरात येत. कव्हरवर सर्वांत मोठं नाव सरांचं, त्यांच्या दोन पदव्यांसह. त्याखाली बारीक अक्षरांत पुस्तकाचं नाव. आणि ज्यानं ते पुस्तक लिहिलं त्याचं नाव नाहीच. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "लेखकाला कोण विचारतो सर? पेपर काढणारा त्याला ओळखत नाही, तपासणारा ओळखत नाही. फुकट जागा अडते."

हसण्यावारी न्यावी अशी मात्र ही गोष्ट नव्हती. संध्याकाळी त्यांच्या घराच्या ओट्यावर इंग्रजीत नापास झालेली पोरं बसत. त्यांच्याकडून ते काही घेत नसत. एकेक वाक्य तोंडपाठ होईपर्यंत म्हणून घेत, चुकलं की खडूचा तुकडा फेकून मारत आणि नेम चुकला की स्वतःच उठून तो खडू आणत. "इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजीत पास होणं वेगळं," ते म्हणत. "पहिलं देवाच्या हातात आहे, दुसरं माझ्या." या ओट्यावरून उठून कंडक्टर, तलाठी, ग्रामसेवक झालेली माणसं मी पाहिली आहेत. एस.टी.त सरांना कधी उभं राहावं लागलं नाही.

आता, गाईड लिहिणारा माणूस मूळ पुस्तक वाचत असेल असं बाहेरच्या माणसाला वाटतं. सर वाचत, पण एकदाच, आणि तेही घाईनं. कारण आमच्याकडे रीत अशी आहे की नवं पुस्तक नेमलं गेलं की आधी गाईड बाजारात येतं आणि मग पुस्तक येतं. ज्याचं गाईड आधी त्याचं वर्ष. त्यामुळे सरांचे प्रकाशक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, ते कुठून तरी कच्ची पानं मिळवत आणि सर आठवडाभर दार लावून बसत. एकदा गाईड छापायला गेलं की सरांनी मूळ पुस्तकाला हात लावला असं कोणी पाहिलेलं नाही. "लग्न लागल्यावर पत्रिका बघू नये," असं त्यांचं त्यावर म्हणणं होतं.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचं आहे त्या वर्षी बारावीला इंग्रजीत एक लहानशी कादंबरी नेमली होती. परदेशातल्या एका कोळशाच्या खाणीचं गाव. एक विधवा आणि तिचा एकुलता मुलगा. मुलगा खाणीत उतरतो, खाणीत पाणी शिरतं, वाट बंद होते, आणि सगळं गाव खड्ड्याच्या तोंडाशी येऊन उभं राहतं. सरांचं गाईड जूनमध्ये आलं. कादंबरी दुकानांत आली तेव्हा निम्म्या जिल्ह्याला तिचा शेवट पाठ झाला होता: मुलगा सुखरूप बाहेर येतो आणि आई देवाचे आभार मानते.

मार्चमध्ये परीक्षा झाली. पेपर तपासणीच्या आधी परीक्षकांची बैठक धुळ्याच्या एका शाळेच्या सभागृहात होती. विषयवार टेबलं लावली होती. मराठीचं टेबल इंग्रजीला लागूनच होतं, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं. इंग्रजीचे मुख्य नियामक भारंबे सर. कादंबरीवरचे दोन्ही मोठे प्रश्न नेमके शेवटावर आले होते. वरून आलेल्या सूचनेत त्याबद्दल एवढंच होतं की 'कादंबरीच्या आधारे लिहिलेले योग्य उत्तर ग्राह्य धरावे'. योग्य कोणतं ते टेबलानं ठरवायचं. पिशव्यांतून पिवळी गाईडं निघाली. मूळ कादंबरी कोणाकडे आहे का, असं एका तरुण शिक्षकानं विचारलं. सगळे हसले. मग आपण विनोद केला असं समजून तोही हसला. चार पॉइंट ठरले: मुलगा सुखरूप, आईचा आनंद, गावाची एकजूट, आशेचा विजय. याच्या बाहेरचं काही असलं तर गुण नाहीत.

दुपारी नमुन्याचे पेपर तपासताना सोनवणे मॅडमनी मान वर केली. त्या सोनगीरच्या. कामाचं बोलणं मराठीत आणि मनातलं अहिराणीत, अशी त्यांची वाटणी होती. त्या म्हणाल्या, "सर, आठे एक पोरनी बठ्ठं उलटं लिखेल शे. तिनी पोऱ्या मारी टाका."

कादंबरीतला मुलगाच मारून टाकला म्हटल्यावर टेबल हसलं. सर उठून त्यांच्याकडे गेले आणि पेपर हातात घेऊन उभ्या उभ्या वाचू लागले. अक्षर मोठं, ओळी उतरत गेलेल्या, व्याकरणाचा कुठं पत्ता नाही. मॅडमनी त्यांच्या हातातल्या पेपरात डोकावून मोठ्यानं वाचलं म्हणून मला कळलं: 'बॉय इज डेड. साउंड इज अदर बॉय साउंड. मदर गो होम अलोन.' आतून जो आवाज आला तो दुसऱ्याच मुलाचा होता. त्या विधवेचा आधीच गेला होता. आई एकटी घरी गेली. असं पानभर.

सर बराच वेळ वाचत राहिले. पान एवढं मोठं नव्हतं.

"तुम्ही वाचलीय का मॅडम कादंबरी?" त्यांनी विचारलं.

"नही सर. तुमनं गाईड वाचेल शे."

"शून्य द्या," सर म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "विषयाला सोडून, असा शेरा मारा."

चहा आला तो त्यांनी घेतला नाही. परतीच्या एस.टी.त आम्ही शेजारी बसलो. एरंडोलच्या अलीकडे ते म्हणाले, "सर, तुमचं वाचन भरपूर आहे. मला सांगा, बंद खाणीच्या आतून ठोकल्याचा आवाज आला, म्हणजे माणूस जिवंतच असणार ना?"

"कोणीतरी जिवंत असणार," मी म्हणालो.

त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं आणि मग बाहेर बघतच सगळं सांगितलं. शेठच्या माणसानं पुण्याहून पानांचे फोटो काढून मोबाइलवर पाठवले होते. त्याला गाडी गाठायची होती. शेवटचा फोटो आला त्या पानावर, खड्ड्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या लोकांना आतून ठोकल्याचा आवाज येतो आणि आई पुढं सरसावते. पुढची पानं आलीच नाहीत. छपाई दुसऱ्या दिवशी होती. शेठ म्हणाले, सर, एवढी वर्षं झाली, तुम्हाला कळत नाही का पुढं काय होणार. सरांना कळलं. आवाज आला म्हणजे मुलगा वाचला. पोरांच्या पुस्तकात कोणी एवढी वाट बघायला लावून मारतं का?

"मग कादंबरी बाजारात आल्यावर बघितलं नाहीत?" मी विचारलं.

"लग्न लागलं होतं," ते म्हणाले.

निकाल लागला. त्याच सुमारास शेठनी सरांचा जाहीर सत्कार ठरवला. हॉल ठरला, एक माजी आमदार ठरले, शालीचा रंग ठरला. मानपत्र लिहायचं काम अशा वेळी मराठीच्या शिक्षकाकडे येतं, कारण खोटं लिहायला भाषा चांगली लागते असा समज आहे. मी मसुदा घेऊन सरांच्या घरी गेलो होतो. 'इंग्रजी साहित्याची गंगा खेड्यापाड्यांत नेणारे भगीरथ' या ओळीवर आम्ही आलो होतो आणि जळगावच्या सभेत तापी म्हणावं की गंगा, असं चाललं होतं. तेवढ्यात ओट्यावरून हाक आली, "सर हायेत का घरी?"

बाप आणि मुलगी. बाप सुभाषभाऊ, पहूर ते जळगाव काळीपिवळी जीप चालवणारा. मुलगी दीपाली, ट्रॅक पँट, पायात झिजलेले कॅनव्हासचे बूट, उन्हानं रापलेला चेहरा. पोलीस भरतीसाठी ती रोज पहाटे पहूरच्या रस्त्यावर पळत होती. भरती निघाली होती. फॉर्मला बारावी पास लागतं आणि ती इंग्रजीत राहिली होती. तिच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत उत्तरपत्रिकेची छायाप्रत होती, आणि ती कादंबरी.

"सगळ्यात पास झाली सर," सुभाषभाऊ म्हणाला. "एक इंग्रजीच राह्यलं."

दीपालीनं छायाप्रत पुढं केली. उतरत गेलेल्या ओळी मी खुर्चीवरूनच ओळखल्या. सरांनी ओळखल्या असाव्यात, कारण त्यांनी कागद हातात घेतला नाही.

ती म्हणाली, "पुनर्मूल्यांकनाला आमच्याच कॉलेजच्या सरांचा अभिप्राय लागतो. ते म्हणतात, गाईडाच्या विरुद्ध मी सही कशी करू? भारंबे सरांनी लिहून दिलं की शेवट असाच आहे, तर करतो. तर सर, तुम्ही दोन ओळी लिहून द्या."

"हे पुस्तक कुठं मिळालं तुला?" सरांनी विचारलं.

"मीच आणलं," सुभाषभाऊ म्हणाला. "दुकानदार मले पिवळं पुस्तक देत होता. मी म्हणलं, हे काय हाये? तो म्हणे, गाईड हाये, सगळे हेच नेतात. मी म्हणलं, मले अस्सल दे. तो म्हणे, भाऊ, अस्सल कोणी घेत नाही. मले वाटलं, लोकल माल खपवतो. सर, मी गाडीले स्प्रिंगचा पाटासुद्धा ओरिजिनल टाकतो. पोरीच्या शिक्षणात डुप्लिकेट कसं टाकू?"

सर पहिल्यांदाच मुलीकडे नीट बघत म्हणाले, "सगळं वाचलंस?"

"हो सर. डिक्शनरी घेऊन. आधी काहीच कळत नव्हतं. खाणीत पाणी शिरल्यावर कळायला लागलं."

"व्याकरणाच्या चुका फार आहेत."

"हो सर. माझं ग्रामर कच्चंच आहे. म्हणून तर कादंबरीवर भर दिला. पण शेवट बरोबर आहे ना?"

आतून वहिनींनी पाणी आणून ठेवलं. मानपत्राचा मसुदा टीपॉयवर होता. त्यावर ग्लास ठेवला जाऊ नये म्हणून मी तो उचलला.

"सर, तुम्ही वाचलंय ना हे?" दीपालीनं विचारलं. तिच्या आवाजात आगाऊपणा नव्हता. खरोखर माहिती विचारत होती.

"मी त्याचं गाईड लिहिलंय," सर म्हणाले.

"तेच तर म्हणतो मी," सुभाषभाऊ खूश होऊन मुलीला म्हणाला. "सरांपेक्षा जास्त कोणाले माहीत असणार?"

मग सर एकदम कामाच्या आवाजात बोलू लागले. पुनर्मूल्यांकनाचा काही भरवसा नाही, त्यात वेळ जातो, त्यापेक्षा जुलैच्या परीक्षेला बस. रोज इथं ये, मी शिकवतो, पास करणं माझ्याकडे लागलं.

"फॉर्मची तारीख त्याआधीच जाते सर."

"पुढच्या भरतीला भर."

"ती कधी निघेल कोणाला माहीत? माझ्या मैत्रिणींची वयं निघून गेली वाट बघण्यात."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कोण हे तिला माहीत नव्हतं. सुभाषभाऊ उठला आणि म्हणाला, "सर म्हणतात तसं कर, दीपा. एवढा मोठा माणूस घरी शिकवतो म्हणतोय." जाताना त्यानं तिला सरांच्या पाया पडायला लावलं.

ते गेल्यावर मी म्हणालो, "सर, दोन ओळी लिहून द्यायला हव्या होत्या."

"एका पोरीला पास करायला सगळा जिल्हा नापास करू?" ते म्हणाले. "आणि रविवारी कार्यक्रम आहे." दोन्ही कारणं त्यांनी एकाच आवाजात सांगितली. खरं कोणतं हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता कळून उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्या कॉलेजच्या शिक्षकाला फोन करून कादंबरीचा शेवट सांगितला. तोवर मी ती एका बैठकीत वाचून काढली होती. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, पण तुम्ही मराठीचे."

रविवारी सत्कार झाला. माजी आमदारांनी आपणही सरांच्याच गाईडावर पास झालो असं सांगितलं आणि टाळ्या घेतल्या. मानपत्रात शेवटी गंगाच ठेवली होती. सर उत्तराला उठले. चार पॉइंट बोलतील म्हणून मी घड्याळ काढून ठेवलं. पण ते "मी आभारी आहे" एवढंच म्हणून खाली बसले. शेठ शेजाऱ्याला म्हणाले, "भारावून गेले."

पुनर्मूल्यांकनाची मुदत गेली, मागोमाग फॉर्मची गेली. दीपाली जुलैत परीक्षेला बसली आणि पास झाली. कादंबरीच्या भागात तिला उत्तम गुण होते. भरती पुन्हा निघाली तेव्हा तिची उंची, वजन, पळणं सगळं होतं, पण जागा थोड्या होत्या आणि सराव सुटला होता. आता ती जळगावात एका मोठ्या दुकानाच्या दारात निळ्या गणवेशात उभी असते आणि आत येणाऱ्यांच्या पिशव्या तपासते. सुभाषभाऊची गाडी अजून चालू आहे. गाईडाची दुसरी आवृत्ती त्याच शेवटासह निघाली. सरांनी शेठना तो बदलायला सांगितलं होतं म्हणतात, आणि शेठ म्हणाले होते म्हणतात की सर, आता तो सगळ्यांना पाठ आहे. दीपाली पास झाली त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सर गेले. शोकसभेत पाच जण बोलले, प्रत्येक जण चार पॉइंट बोलला, आणि ते सगळे पॉइंट एकच होते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जुलैतल्या परीक्षेच्या आधी. माझी बदली धुळ्याला झाली होती, म्हणून सांगायला गेलो होतो. ओट्यावर बाकीची पोरं अजून यायची होती. दीपाली एकटीच भिंतीला टेकून, हात मागं बांधून उभी होती आणि पाठ म्हणत होती. सर खुर्चीत बसले होते. हातात खडू होता, पण फेकत नव्हते.

"देन द बॉय कम्स आउट सेफली," ती म्हणाली. "द मदर इज व्हेरी हॅपी."

"'कम'ला एस लावलास, चांगलं केलंस," सर म्हणाले. "पुढं."

"द मदर..." ती अडली.

सरांनी पुढचा शब्द सांगितला नाही. मी पायरीवर थांबलो होतो. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पुढं वाकून, कोणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी तिला विचारलं, "ती आई एकटी घरी जाते ना, त्या पुस्तकात? घरी जाऊन काय करते?"

दीपालीनं त्यांच्याकडे बघितलं. सांगावं की नाही असं क्षणभर तिला झालेलं दिसलं.

"ते परीक्षेला येतं का सर?"

"नाही."

"मग जाऊ द्या ना," ती म्हणाली. पुन्हा डोळे मिटून घेतले, हात मागं घट्ट केले, आणि जिथं अडली होती तिथून म्हणायला लागली, "द मदर थँक्स गॉड. द मदर थँक्स गॉड अँड..."